बोटीवर पोराला पांढरं नको

माझा मुलगा जहाजाच्या जिन्यावरून पडला नव्हता. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. बोललो तर कधीच नाही, बायकोजवळसुद्धा नाही. गेली सात वर्षं आमच्या घरात, नातेवाइकांत आणि कंपनीत सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे की मुंबई-गोवा क्रूझवर जेवणाच्या वेळी तो जिन्यावर घसरला आणि त्याचं नाक फुटलं. तसं झालं नव्हतं. मी न सांगता हे एकाच माणसाला कळलं, आणि तेही दोरीवर वाळत घातलेल्या शर्टावरून. ते आमचे घरमालक. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे, पण ही गोष्ट आधी लिहिली नसती तर पुढचं सगळं लबाडीचं झालं असतं.

नागापूरला, एमआयडीसीच्या अलीकडे, त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते एकटे. वरच्या मजल्यावर आम्ही तिघं, आणि शेजारच्या खोलीत लेथवर काम करणारा एक भाडेकरू. काका मूळचे तिसगावचे. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, मग कुणाच्या तरी ओळखीने मुंबई आणि तिथून परदेशी प्रवासी जहाजांवर. तीस वर्षं त्यांनी जहाजाच्या लाँड्रीत काढली. क्रूझ हा शब्द त्यांनी कधी तोंडात घेतला नाही. ते बोट म्हणत, जशी काही ती प्रवरा नदीतून चालवायची होती.

समुद्र कसा असतो, असं नवा माणूस त्यांना हमखास विचारायचा. "कुनाला म्हाईत," ते म्हणत. "आमी तळाला. खिडकी न्हाई, काय न्हाई. मानसं चढली की धुनं वाढायचं, उतरली की कमी व्हायचं. बंदर आलं ते आमाला चादरीवरून कळायचं."

गच्ची त्यांची होती. म्हणजे कागदोपत्री वापर आमचाही होता, पण दोऱ्या त्यांच्या आणि कायदाही त्यांचा. शर्ट खांद्याला चिमटे लावून टांगलेला त्यांना चालत नसे, तो खालच्या काठाला धरून उलटा टांगायचा. गडद कपडे आतली बाजू बाहेर काढून. लहान मुलांचे कपडे पश्चिमेच्या भिंतीकडे, सावलीत. हळदीचा डाग असलेला कपडा मात्र भर उन्हात, कारण हळद उन्हाला भिते. माझी बायको सुरुवातीला फार चिडायची. ती कपडे वाळत घालून खाली यायची आणि दहा मिनिटांनी वर गेली की सगळी दोरी नव्याने मांडलेली असायची. "अहो, माझे परकर त्यांनी हलवले," असं ती मला म्हणाली तेव्हा मी जाऊन बोलणार होतो. पण वर पाहिलं तर परकर होते तिथेच होते, फक्त त्यांच्यापुढे एक चादर अशी टांगलेली होती की रस्त्यावरून ते दिसू नयेत. त्या दिवसापासून ती त्यांना काका म्हणायला लागली. मीही.

स्वतःचे कपडे त्यांचे मोजके. दोन पांढरे शर्ट, दोन करड्या पँटी. रविवारी चर्चला जाताना शर्टाला अशी खळ असायची की ते वाकले तर कागदासारखा आवाज येई. जेवताना मात्र शर्ट काढून खुंटीला लावायचे आणि बनियनवर बसायचे. कुणी आलं तरी उठून घालायचे नाहीत. "जेवताना शर्टाकडं लक्ष दिलं तर भाजीला काय वाटंल?" हे त्यांचं उत्तर.

आणि ते कपडे वाचत. दुसरा शब्द मला सुचत नाही. कॉलर नाकाशी धरायची, बाही उलटी करायची, कापड बोटांत चोळायचं आणि मान हलवायची. शेजारच्या लेथवाल्याला त्यांनी एकदा गच्चीवर थांबवलं. तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी यायचा. काकांनी त्याला विचारलं, काम सुटून किती दिवस झाले? दहा दिवसांत शर्टाला तेलाचा एक थेंब नाही, आणि पाठीला बाकाची धूळ, असं काका म्हणाले. बस स्टँडवर बसत असशील तर डबा तरी घरी खात जा. त्याची बायको गावाला होती, आमच्यातलं कुणी बोललं तर तिला कळेल म्हणून तो हे नाटक करत होता. पुढच्या आठवड्यात काका स्वतः त्याला घेऊन दोन-तीन वर्कशॉपांत हिंडले आणि काम मिळवून दिलं. आम्हाला हे काकांनी सांगितलं नाही, लेथवाल्याने सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता. मी तेव्हा त्याच्यासारखाच हसलो होतो. या माणसापुढे आपले कपडेही वाळतात, हे माझ्या मनात आलं नाही.

मी त्या वेळी एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळत होतो. पुण्याहून नवे साहेब आले होते. त्यांनी ठरवलं की ज्यांचं काम चांगलं झालं त्या दहा जणांना बायकामुलांसकट क्रूझवर न्यायचं. माझं नाव त्यात आलं. मी कोल्हारचा. नदीकाठी वाढलेला, दोन शर्टांवर शाळा काढलेला. कॉलेजात असताना एका श्रीमंत मित्राच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा माझ्या सदऱ्याचं उसवलेलं खांद्याचं टोक मी जेवणभर डाव्या हाताने धरून ठेवलं होतं, आणि त्याच्या आईने ते पाहिलं होतं. हे मी अजून विसरलेलो नाही. त्यामुळे कंपनीचं पत्र आलं आणि त्यात दुसऱ्या संध्याकाळी जेवणाला सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, समारंभाचा पोशाख घालावा असं वाचलं, तेव्हा बाकी सगळं राहिलं बाजूला आणि मला तेवढंच दिसायला लागलं.

बायको म्हणाली, एवढा बोटीवरचा माणूस खाली बसलाय, त्यांना विचारू की. काकांना कुणी असलं काही विचारलं नव्हतं बहुधा. त्यांनी स्टोव्ह बंद केला, आम्हाला बसवलं आणि तासभर बोलले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, तो त्यांच्या मांडीला टेकून ऐकत होता.

पहिली गोष्ट, पांढरं नको. दुसरी, नवं नको. पाच वेळा धुतल्याशिवाय कुठलाही कपडा पोराच्या अंगाचा होत नाही, तोवर तो दुकानाचाच असतो. बाही मनगटाच्या वर. आणि खिसे हवेतच, कारण बोटीवरची मुलं जेवणाच्या टेबलावरून काहीतरी चोरतातच आणि ते लपवायला जागा नसली की चड्डीत कोंबतात. त्यांनी खिशांतून काय काय काढलं होतं त्याची यादी ऐकताना माझा मुलगा खिदळत होता. पावाचे गोळे, लोणी, द्राक्षं, एकदा एक अख्खं माशाचं डोकं. एकदा एक दुधाचा दात. तो दात काकांनी पाकिटात घालून, खोलीचा नंबर लिहून वर पाठवला. "त्याच्या आईनं ठेवला आसंल जपून," ते म्हणाले.

जेवणघर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यातलं प्रत्येक मूल त्यांना ठाऊक होतं. रडलेल्या पोराची बाही कुठे ओली असते, आणि कुणाला न आवडणारं बळंच भरवलं ते कॉलरवर कसं दिसतं. बड्या लोकांची मुलं सगळ्यांत मळकी, असं ते म्हणायचे, आणि नव्यानेच पैसा आलेल्यांची सगळ्यांत कोरी.

शेवटी त्यांनी मला उद्देशून एक वाक्य टाकलं. साहेब म्हणत ते मला, थोडं चिडवून.

"साहेब, ज्या कपड्यात पोराला 'सांभाळ' म्हनावं लागतंय, तो कपडा पोराचा न्हाई, बापाचा हाय."

मावसभावाच्या लग्नातला चॉकलेटी सुती कुर्ता मुलाकडे होता. तो घाल, काकांनी सांगितलं. मुलगा लगेच तयार झाला. मी हो-हो केलं आणि शनिवारी एकटाच कापड बाजारात जाऊन मोतिया पांढरा सूट घेऊन आलो. कोट, पँट, शर्ट आणि गळ्याला बो. दोन वर्षं तरी अंगाला यावा म्हणून एक माप मोठा घेतला. आमच्याकडे लेकरांचे कपडे असेच घेतात. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येत होत्या. बायको म्हणाली, दुमडून शिवते. मी म्हटलं, नको, दुमडलेलं कळतं.

त्या संध्याकाळी आमचं टेबल साहेबांबरोबर होतं. माझ्या मनासारखं झालं होतं. साहेबांचा मुलगा आमच्या मुलाच्याच वयाचा. तो अर्ध्या चड्डीत, विटक्या टी-शर्टात आणि पायांत रबरी चपला घालून आला आणि खुर्चीवर मांडी घालून बसला. त्याला कुणी काही म्हटलं नाही. माझा मुलगा सूटमध्ये ताठ बसला होता. मी त्याला टेबलाखालून दोनदा गुडघा मारून सांगितलं, सांभाळ.

टोमॅटोचं सूप आलं. त्याने चमचा उचलला, बाही वाडग्यात बुडाली, ती काढायला त्याने हात झटकला आणि वाडगं कलंडलं. कोटावर, टेबलाच्या कापडावर, थोडं साहेबांच्या बाजूला. साहेब हसले, पोरं आहेत म्हणाले. त्यांच्या बायकोने स्वतःचा रुमाल पुढे केला. कुणालाही काही वाटलं नव्हतं. मीही हसलो. हसतच मुलाला म्हटलं, चल, हात धुऊन येऊ.

बाहेर जिन्यापाशी कुणी नव्हतं. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि मारलं. एकदाच. त्याच्या नाकातून रक्त आलं आणि शर्टावर ठिबकलं. तेवढ्यात एक वाढपी ट्रे घेऊन वर आला आणि थांबला. मी त्याला म्हणालो, पडला, जिन्यावर घसरला. मग मी मुलाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि तो त्या वाढप्याला म्हणाला, "हो, मी पडलो."

मला त्याला काही शिकवावं लागलं नाही. आईलाही त्याने तेच सांगितलं, साहेबांनाही. साहेबांच्या बायकोने बर्फ मागवला. दुसऱ्या दिवशी सगळे त्याची विचारपूस करत होते. शर्ट मी स्वतः खोलीतल्या बेसिनमध्ये धुतला. नळाला कढत पाणी होतं, बरं झालं म्हणून त्याच पाण्यात खसाखसा चोळला. कोटाचं सूप बऱ्यापैकी निघालं. शर्टावर छातीशी तपकिरी ठिपके राहिले.

घरी आल्यावर बायकोने सगळं पुन्हा धुऊन गच्चीवर टाकलं. दुसऱ्या सकाळी कामावर निघताना काकांनी मला वरून हाक मारली. ते दोरीपाशी उभे होते. शर्ट त्यांच्या हातात होता.

"रक्ताला गरम पानी कुनी घातलं?"

मी म्हटलं, मीच धुतला, घाईत.

"रक्ताला थंड पानी लागतं, मिठाचं. गरम घातलं की ते कापडात बसतं." मग त्यांनी पँट दाखवली. "पोरगं जिन्यावर पडलं म्हनं. गुडघे कोरे हायेत. कोटाची कोपरं कोरी हायेत. आन् हे बटन," त्यांनी कॉलर पुढे केली, "हे तुटलेलं न्हाई. वढलंय कुनीतरी. दोरा भाईर आलाय बघ."

मी म्हणालो, काका, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, मला उशीर होतोय.

त्यांनी वाट सोडली नाही. साहेब म्हणायचंही सोडलं त्यांनी त्या वेळी.

"मारलं ते मारलं, लेका. आमच्या बानंबी लई मारलं आमाला. पन खोटं त्याच्या तोंडी का दिलंस? ते तुझं हाय, तुझ्याजवळ ठिव. त्याला सांग."

मी खाली उतरलो आणि स्कूटर काढली. कामावर दिवसभर काकांचाच राग येत होता. म्हातारा दुसऱ्यांचे कपडे हुंगत बसतो, असं मी मनात म्हणत होतो. संध्याकाळी आलो तर शर्ट दोरीवर नव्हता. चार दिवसांनी तो इस्त्री होऊन आमच्या दाराच्या कडीला लावलेला होता. बटण पक्कं शिवलेलं. ठिपके जवळजवळ गेले होते, माहीत असलेल्यालाच दिसतील एवढे उरले होते. त्यांनी बायकोला काहीही सांगितलं नाही. भेटले की माझ्याकडे मात्र पाहायचे, आणि मी मान वळवायचो.

तीन महिन्यांत आम्ही सावेडीला फ्लॅटवर राहायला गेलो. मुलाची शाळा जवळ पडते, असं मी सगळ्यांना सांगितलं. मला बढतीही मिळाली त्याच सुमारास. तिचा सुटाशी काही संबंध नव्हता, माझ्या कामाशी होता. साहेबांना तो सूट आठवतसुद्धा नव्हता.

त्या पडण्याची आमच्या घरात गोष्ट झाली. पाहुण्यांपुढे रंगवून सांगायची. पोरगं कसं धडपडं, सरळ चालता येत नाही, जहाजावरही पडून आलं. मुलगाही हसायचा. पुढे पुढे तो स्वतःच सांगायला लागला. जिना उतरताना कठडा धरतो, हे मी पाहत होतो. नववीत गॅदरिंगच्या नाचात त्याचं नाव होतं. ते त्याने स्वतःच जाऊन कापलं. का रे, म्हटलं, तर म्हणाला, "मी पडतो ना पप्पा, लहानपणापासून." हे तो इतक्या साध्या आवाजात म्हणाला की त्याला खरं आठवतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आठवत असेल तर तो सात वर्षं मला सांभाळतो आहे. आठवत नसेल तर तो पडणारा मुलगा मी तयार केला आहे.

काकांना मी शेवटचा भेटलो तो तिसगावात, त्यांच्या पुतणीकडे. शुगरने डोळे गेले होते. घर विकून ते तिकडे गेल्याचं लेथवाल्याकडून कळलं आणि एका रविवारी मी एकटाच गेलो. खाटेवर बनियनवर बसले होते. मी नाव सांगायच्या आत त्यांनी माझी बाही धरली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "साहेब. कपडे मशीनीत टाकता व्हय आता? पावडर लई घालते सूनबाई, सांगा तिला." मी हसलो. बरंच बोललो इकडचं तिकडचं. त्यांनी बाही सोडली नव्हती.

"सांगितलं का पोराला?"

मी म्हणालो, "सांगितलं."

ते थोडे पुढे झुकले. "काय म्हनला?"

"हसला," मी म्हणालो. "म्हणाला, पप्पा, मला आठवतही नाही."

काकांनी माझी बाही सरळ केली, सुरकुत्या हाताने निपटल्या. "बेस झालं," म्हणाले. पुतणीला हाक मारून चहा टाकायला सांगितला, आणि साहेबांना खारी दे म्हणाले. चहा पिऊन होईस्तोवर ते इतके खुशीत होते की मला तिथे बसवेना. माणसाला डोळे नव्हते म्हणून मी वाचलो, हा विचार तेव्हाच मनात आला होता, आणि तो विचार घेऊनच मी उठलो.

महिन्याभरात ते गेले. दफनविधीला आम्ही तिघंही गेलो होतो. त्यांना तोच खळीचा पांढरा शर्ट घातला होता. मुलगा पुष्कळ रडला. परत येताना करंजीचा घाट संपला तसा तो मागच्या सीटवरून म्हणाला, "पप्पा, त्या पुतणी मावशी म्हणाल्या की काका शेवटी फार समाधानात होते. तुझ्या पप्पांनी तुला सांगून टाकलं, म्हणून. काय सांगून टाकलं?"

बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. म्हणालो, म्हातारपणी काहीतरी मनात घेत असतील, विसरायला झालं होतं त्यांना.

"काका विसरत नव्हते काही," मुलगा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

अशी तीन खोटी झाली. एक वाढप्याशी, एक आंधळ्या माणसाशी, आणि एक त्या माणसाला पुरून आल्यावर तासाभरात. मुलगा आता अकरावीला आहे. आणखी दीड वर्षाने बाहेरगावी शिकायला जाईल. खरं काय झालं ते त्याला सांगायचं देणं माझ्यावर आहे. पोराला सांगितलं असं काकांशी बोलून बसलो आहे, ते खरं करायचंही देणं आहे. आज हे लिहून झालं तरी त्याला अजून सांगितलेलं नाही.